उलटी प्रदक्षिणा

थोरलीला आम्ही उजवली ती थेट उजवीकडनं गाड्या पळणाऱ्या देशात, जर्मनीत. आता मे महिन्यात तिच्याकडं जायचं ठरलंय, आणि जावईबापू व्हिडिओ कॉलवर सहज बोलून गेले, "मामा, लायसन घेऊन या, लांब कुठं गेलो तर आळीपाळीनं चालवू." तेव्हापासनं माझी झोप उडालीय.

कागदाचं काम पटकन झालं. लायसन, पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि हजार रुपये, की आरटीओतनं वर्षभराचं इंटरनॅशनल परमिट. तिकडं कायमचं राहायला गेलं की आपल्या लायसनवर सहाच महिने चालवता येतं म्हणे, पण आम्ही काय तिथं घर बांधायला चाललो नाही. परमिट आलं पण हात कुठनं आणायचे? तीस वर्षं डाव्या हातानं गिअर टाकतोय, तिथं ड्रायव्हर बसणार डावीकडं, गिअर उजव्या हातात आणि इंडिकेटर डाव्या, म्हणजे वळायला गेलो की वायपर सुरू होणार हे लिहून घ्या. क्लच-ब्रेक तेवढे जागच्या जागी आहेत, नशीब.

मग सराव. दारातल्या बंद गाडीत डावीकडच्या सीटवर बसून हातात परात धरली, उजव्या हातानं गिअर, डाव्या पायानं मॅट दाबतोय. शेजारचे काका कंपाउंडवरनं बघत होते. "काय ओ, गाडीत बसून कणीक मळूलासा काय?"

आईचं दुखणं वेगळंच. आपल्याकडं सर्कलला वळसा घालताना मधला पुतळा उजव्या हाताला राहतो, म्हणजे बेळगावच्या चन्नम्मा सर्कलला आपण रोज रीतसर प्रदक्षिणाच घालतो की. जर्मनीत सगळं उलटं फिरायचं म्हटल्यावर ती म्हणाली, "उलटी प्रदक्षिणा घालूलास? आणि पोरीच्या दारात?" तिला सांगितलं, अगं तिथं सर्कलच्या मध्ये देव नसतो, नुसतं गवत असतंय. पटलं नाही. पण जिथं बोर्ड-सिग्नल काही नाही त्या चौकात उजवीकडनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे मात्र तिला आवडलं. वरमाईसारखं, म्हणाली, मान आहे त्याचा.

खरा राग माझा पोर्तुगीजांवर. 1928 साली त्यांनी आपल्या देशात वाहतूक डावीकडनं उजवीकडं नेली आणि गोवा मात्र डावीकडंच ठेवला, का तर शेजारी आम्ही डावे. तेव्हा जरा हट्ट केला असता तर आज सकाळी चोर्ला घाट उतरून दिवसभर सराव करून रात्री जेवायला परत आलो असतो! (घाटात बॉर्डरवर बाजू बदलताना काय झालं असतं ते सोडा.)

शेवटी काल धाडस केलं. पहाटे साडेपाचला टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाकडं जाणारा रस्ता मोकळा बघून गाडी हळूच उजवीकडं घेतली, छाती धडधड, वीसच्या स्पीडनं, तोंडानं "उजवी, उजवी" म्हणतोय, तेवढ्यात समोरनं दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल. गेलो म्हटलं. पण तो गडी वळसा वाचवायला म्हणून आधीच राँग साइडनं येत होता, त्यामुळं तो त्याच्या उजवीकडनं, मी माझ्या उजवीकडनं, असे आम्ही अगदी जर्मन कायद्याप्रमाणं एकमेकांना क्रॉस झालो. त्यानं हॉर्नसुद्धा मारला नाही.