मरालिंगा: होकार कोणी दिला आणि बिल कोणी भरलं

कमेंट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ऑस्ट्रेलियात झालेल्या ब्रिटनच्या अणुचाचण्यांवर मी एकांगी लिहिलंय, परवानगी ऑस्ट्रेलियानेच दिली होती, नंतर ब्रिटनने साफसफाईचे पैसेही दिले, मग आता दोघं ऑकसमध्ये (अमेरिकेसोबतचा अणुपाणबुड्यांचा संरक्षण करार) एकत्र असताना जुनी मढी कशाला उकरायची.

परवानगीचं म्हणाल तर ते खरंय, ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेन्झीज यांनी ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींना हो म्हणताना स्वतःच्या कॅबिनेटलाही विचारलं नव्हतं. मग १९५२ आणि १९५६ ला माँटे बेलो बेटं, १९५३ ला इमू फील्ड आणि १९५६-५७ ला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं मरालिंगा, मिळून १२ मोठे स्फोट. पण ज्यांची ती जमीन त्या आदिवासींना कोणी विचारलं? धोक्याच्या पाट्या लावल्या त्या इंग्रजीत, आणि एवढ्या अफाट वाळवंटात लोकांना शोधून सावध करायला सुरुवातीला मॅकडूगल नावाचा एकच अधिकारी, तो जास्त बोलायला लागला तर वरून त्यालाच झापलं की मूठभर लोकांसाठी तू कॉमनवेल्थचं काम अडवतोस. १९५७ मध्ये मिलपुडी नावाचं आदिवासी कुटुंब एका स्फोटाच्या खड्ड्याजवळच मुक्काम ठोकून बसलेलं सापडलं!

पण माझा मुख्य मुद्दा स्फोटांचा नाहीच, आणि जो आहे नेमका तोच भाग तुम्ही सोडलात. खरी घाण झाली ती 'किरकोळ' चाचण्यांनी. मरालिंगातल्या टारानाकी या जागेवर १९६० ते ६३ मध्ये प्लुटोनियम साध्या स्फोटकांनी उडवून बघत होते, अपघात झाला तर काय होईल म्हणून, तिथे साधारण २२ किलो प्लुटोनियम वापरलं गेलं. अणुस्फोट नाही म्हणून नाव किरकोळ, पण प्लुटोनियम निम्मं व्हायलाच २४,००० वर्षं लागतात. १९६७ मध्ये ब्रिटिशांनी जमीन नांगरून, खड्डे बुजवून आवराआवर केली, त्यांच्याच पिअर्स रिपोर्टमध्ये लिहिलं की बहुतेक सगळं खड्ड्यांत पुरलंय, आणि त्या भरवशावर १९६८ ला ऑस्ट्रेलियाने ब्रिटनला जबाबदारीतून मोकळं करून टाकलं. सही केली, विषय संपला. १९८४ ला ऑस्ट्रेलियाच्या लोकांनी स्वतः जाऊन मोजलं तेव्हा कळलं की बराचसा माल वरच पसरलाय, धुळीत, मातीत, धातूच्या तुकड्यांवर.

आता सांगा, समोरच्याला खरा हिशोब न दाखवता घेतलेली सही परवानगीत मोजायची का? ऑस्ट्रेलियाने या चाचण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या मॅक्लेलँडच्या रॉयल कमिशनने थेट लंडनला जाऊन सुनावण्या घेतल्या आणि सफाईचा खर्च ब्रिटनने करावा असं सांगितलं, तरी पैसे ठरायला १९९३ उजाडलं. किती? २ कोटी पौंड, तेही 'एक्स ग्रेशिया', म्हणजे देतो पण आमच्यावर बंधन होतं असं मानू नका. एकूण सफाईला जवळपास १०.८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले, म्हणजे निम्म्याहून जास्त भार ऑस्ट्रेलियाच्या करदात्यांवरच. याला 'ब्रिटनने पैसे दिले' म्हणणं मला तरी जमत नाही. मैत्री होती म्हणूनच कोणी कागद नीट तपासले नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ऑकसमुळेच तर हे उकरायला हवं. २०२३ च्या शेवटी ऑस्ट्रेलियात पाणबुड्यांच्या अणुसुरक्षेचं विधेयक आलं, त्यानंतर ब्रिटिश-अमेरिकन पाणबुड्यांचा कचराही ऑस्ट्रेलियात ठेवायला यातून वाट मिळते का यावरून तिथे चांगलाच आरडाओरडा झाला. मरालिंगा माहीत असलेल्या माणसाला तो आरडाओरडा अतिशयोक्ती वाटणार नाही, तुम्हाला वाटत असेल तर का ते लिहा, खुशाल भांडू.