‘नवं मॉडेल दोन वर्षं घेऊ नका’ : या सल्ल्यात किती तथ्य?

दसरा-पाडवा जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक सल्ला हमखास फिरतो. गाडीचं नवीन मॉडेल आलं की निदान दोन वर्षं थांबा. पहिल्या लॉटमध्ये लोचे असतातच. ते निस्तरायचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. विकताना ‘पहिल्या लॉटची गाडी’ म्हणून भाव पडतो. त्यापेक्षा जुनं, मुरलेलं मॉडेल घ्या. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे गाडीत घालणारी माणसं अशा मेसेजवर भरवसा ठेवतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा नीट तपासला पाहिजे.

पहिल्या लॉटमध्ये दोष असतात, हे खोटं नाही. १९९८च्या अखेरीस इंडिका आली तेव्हा बुकिंगसाठी झुंबड उडाली होती. पण सुरुवातीच्या गाड्यांबद्दल इतक्या तक्रारी आल्या की टाटांना २००१मध्ये सुधारलेली ‘व्ही२’ आणावी लागली. पुण्या-पिंपरीत या सल्ल्याचं मूळ बहुधा त्याच आठवणीत आहे. अलीकडचं उदाहरणही देता येईल. २०१९च्या जानेवारीत नवी वॅगनआर आली आणि त्याच ऑगस्टमध्ये एक लिटर इंजिनाच्या ४०,६१८ गाड्या इंधनाच्या होजच्या (नळीच्या) दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या, म्हणजे ‘रिकॉल’ झाला.

प्रश्न आहे तो ‘दोन वर्षांनी दोष जातात’ या गृहीतकाचा. बलेनोचंच बघा. ऑक्टोबर २०१५मध्ये ती बाजारात आली. मे २०१६मध्ये एअरबॅगच्या सॉफ्टवेअरसाठी ७५,४१९ बलेनोंचा रिकॉल निघाला. इथपर्यंत मेसेज बरोबर. मग ज्यानं शहाणपणानं थांबून २०१९मध्ये बलेनो घेतली, तो सुटला का? नाही. जानेवारी ते नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या ७८,२२२ पेट्रोल बलेनो २०२०च्या जुलैमध्ये फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या गेल्या. २०१५ची, पहिल्या लॉटची बलेनो या दुसऱ्या यादीत नव्हती. महिंद्राच्या एक्सयूव्ही७००चा ऑगस्ट २०२३मधला रिकॉल तर जून २०२१ ते जून २०२३ अशा सलग दोन वर्षांतल्या १,०८,३०६ गाड्यांसाठी होता; इंजिनाजवळची वायरिंग घासली जाण्याची शक्यता होती. पहिल्या दिवशी घेणारा आणि जवळजवळ दोन वर्षं थांबलेला, दोघांच्याही गाड्या एकाच यादीत.

असं का होतं? मॉडेलचं नाव तेच राहतं, आतली गाडी बदलत राहते. पुरवठादार बदलतो, खर्च कमी करायला एखादा पार्ट बदलतो, सरकारी नियम बदलतात. १ एप्रिल २०२०पासून बीएस६ हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम लागू झाला, तेव्हा वर्षानुवर्षं चाललेल्या डिझेल मॉडेल्सनाही नवीन डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर बसला. शहरात रोज चार-पाच किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांच्या डॅशबोर्डवर त्या फिल्टरचा दिवा लागायला लागला, कारण साचलेली काजळी जाळण्याइतकी उष्णता एवढ्या छोट्या फेऱ्यांत एक्झॉस्टमध्ये टिकतच नाही. मॉडेल मुरलेलं होतं, डीपीएफ नवाकोरा होता. मॉडेलचं वय आणि तुमच्या गाडीतल्या पार्टचं वय वेगळं असतं, आणि मेसेजमध्ये नेमकी याचीच गल्लत झाली आहे.

दुरुस्तीच्या खर्चाचा मुद्दा मला सर्वांत चुकीचा वाटतो. रिकॉलचं काम कंपनी फुकट करते. २०१९मध्ये मोटार वाहन कायदा बदलून त्यात कलम ११०अ आलं, त्याचे नियम एप्रिल २०२१पासून लागू झाले, आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं. बाकीच्या बिघाडांना वॉरंटी असते. म्हणजे नवी गाडी घेणारा खर्चाच्या बाबतीत बऱ्यापैकी सुरक्षित असतो. भुर्दंड पडतो तो वॉरंटी संपल्यावर सेकंडहँड घेणाऱ्याला.

नव्या मॉडेलचा खरा त्रास वेगळाच आहे आणि त्याबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही. टचस्क्रीन अडकते, डॅशबोर्ड करकरतो, सेन्सर उगाच बोंबलतो, पार्ट आठवडेच्या आठवडे येत नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ‘साहेब, सगळ्याच गाड्यांना येतं हे.’ पैसे जात नाहीत, पण सुट्ट्या जातात. अशा वेळी तोंडी आश्वासनावर परत फिरू नका. तक्रार दर वेळी जॉब कार्डवर लिहून घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. उद्या वॉरंटी संपल्यावर तोच बिघाड पुन्हा निघाला, तर तो आधीपासून होता हे दाखवायला तेवढाच कागद हाती असतो.

राहिला रिसेलचा भाव. जुन्या गाड्यांचा डीलर विचारतो ते असं: कोणत्या सालची, कितवा ओनर, किलोमीटर किती, ॲक्सिडेंट झालाय का, सर्व्हिस रेकॉर्ड आहे का. मॉडेल बाजारात आल्यावर कितव्या महिन्यात घेतली, हे सहसा कुणी विचारत नाही. भाव पडतो तो मोठ्या कारणांनी. २२ सप्टेंबर २०२५ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. नवीच स्वस्त झाल्यावर जुनीला आधीचा भाव कोण देणार? शेवरोलेनं २०१७मध्ये भारतातली विक्री थांबवली, तेव्हा तळेगावात बनलेल्या, उत्तम चालणाऱ्या बीटचा भावही ढासळला. उलट एक्सयूव्ही७००ची ११.९९ लाखांची सुरुवातीची किंमत पहिल्या २५,००० बुकिंगपुरतीच होती आणि ती बुकिंगं ५७ मिनिटांत संपली. पुढे किंमत चढत गेली. त्या पहिल्या गिऱ्हाइकांना विकताना याचा फायदाच होतो.

‘मुरलेलं मॉडेल’ घेण्यातला धोकाही सांगायला हवा. थांबता थांबता माणूस मॉडेलच्या उतरणीला पोचतो. सप्टेंबर २०२३मध्ये नेक्सॉनचा चेहरामोहरा बदलला. त्याच उन्हाळ्यात आधीची नेक्सॉन घेतलेल्यांची कोरी गाडी काही महिन्यांत ‘जुन्या मॉडेलची’ झाली.

गाडी नवी असो वा जुनी, चासी नंबर मागून घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा; रिकॉल बाकी आहे का हे तपासायची सोय बऱ्याच कंपन्यांनी दिली आहे. सेकंडहँड असेल तर ते काम झाल्याचं जॉब कार्ड मागा. आणि आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते टोकन देण्याआधी वाचा.