कमी दाबाचा पुरवठा

मोठा, घरघरणारा कॉम्प्युटर बाळगणारा माणूस सुखी असतो. त्याचा कान कधीच मेलेला असतो. कानाला धार येते ती छोटं आणि शांत मशीन घरात आणल्यावर.

माझ्या मशीनचा मदरबोर्ड १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्यावर रायझन ७ ५७००जी हा आठ कोअरचा, म्हणजे आठ डोक्यांचा प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावर पंख्यासकट जेमतेम ३७ मिलिमीटर उंचीचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा. नागपुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉल, माझं ऑफिस आणि बाबांची झोपायची जागा हे सगळं एकच असल्यामुळे मशीन शांत हवं होतं. तसं ते शांत होतंही. फक्त ब्राउझर उघडला की पंखा 'घुर्र' करून उसळायचा आणि पान उघडून झालं की खाली बसायचा. पुन्हा क्लिक, पुन्हा घुर्र. सलग आवाजाची सवय होते हो, हा चढउतार मात्र जीव खातो. एखाद्या कोअरने ४.६ गिगाहर्ट्झ वेगापर्यंत उडी मारली की तेवढ्याशा सिलिकॉनचं तापमान क्षणात १५-२० अंशांनी चढतं, आणि पंखा पडला भोळा, त्याला वाटतं घराला आग लागली. आठही कोअर कामाला जुंपले की विचारूच नका. हिवाळ्यातसुद्धा पारा नव्वदीला टेकायचा, आणि या प्रोसेसरची मर्यादाच ९५.

जाणकारांनी एकमुखाने इलाज सांगितला, व्होल्टेज उतरव. चिप कुठल्याही घरात, कुठल्याही हवेत चालावी म्हणून तिला कारखान्यातूनच थोडं जास्तीचं व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं. चिपचा विजेचा खप मुख्यतः व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे व्होल्टेज १० टक्के उतरवलं की तो खप १९ टक्के उतरतो. असा सौदा आजकाल सीताबर्डीच्या बाजारातही मिळत नाही.

हे मी मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं. बाबांची हयात वीजखात्यात गेली.

"काहून रे, कमी दाबानं वीज येते म्हणून लोकांनी जिंदगीभर आमाले शिव्या घातल्या, अन् तू मुद्दाम दाब कमी करून राहिला?"

मग त्यांनी शास्त्र काढलं. शेतातल्या पंपाला दाब कमी मिळाला की मोटर तेवढंच पाणी ओढण्यासाठी जास्त करंट खेचते, वाइंडिंग तापतं आणि शेवटी जळतं. "तिथं मोटर जळते, अन् तुझं डबडं थंड होते?"

मुद्दा बिनतोड होता. मी सांगितलं की प्रोसेसरला पाणी ओढायचं नसतं. त्यात हजार कोटींच्या वर ट्रान्झिस्टर असतात, ते सतत इवलासा चार्ज भरतात आणि रिकामा करतात, दाब जितका कमी तितका प्रत्येक भरण्या-उपसण्याचा खर्च कमी. बाबा "हं" म्हणाले. तो 'हं' खास सरकारी होता. अर्ज मिळाला, मंजूर नाही.

व्होल्टेज कमी करण्याची सोय बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, 'ओव्हरक्लॉकिंग' (वेग ठरल्यापेक्षा वाढवणं) नावाच्या दालनात ठेवलेली असते. दारातच ताकीद, पुढे गेलात तर नुकसानीला तुम्ही जबाबदार, मान्य आहे? कमी करायला निघालेल्या माणसाकडून जास्त केल्याचं हमीपत्र घेतात! आत 'कर्व्ह ऑप्टिमायझर', व्होल्टेज पायरी-पायरीने वरखाली करायची सोय. अधिक की वजा ते एका रकान्यात, आकडा दुसऱ्या रकान्यात. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, जास्तीत जास्त वजा ३०. मी वजा २० भरलं, चाचणी लावली आणि आकड्यांकडे डोळे लावून बसलो. तापमान जिथल्या तिथे. खपही तोच, ८८ वॅट.

हे कोडं सुटेपर्यंत चहाचे दोन कप गार झाले. या प्रोसेसरला ८८ वॅट खायची मुभाच असते. तेवढ्याच कामाला वीज कमी लागतेय म्हटल्यावर उरलेल्या विजेत गड्याने स्वतःचा वेग वाढवून घेतला. पोराला भाजीला पाठवावं, त्याने घासाघीस करून वीस रुपये वाचवावेत आणि चौकात त्याचेच समोसे खाऊन यावं, त्यातला प्रकार. नुसता भाव पाडून भागत नाही, पोराच्या हातात पैसेही मोजूनच द्यावे लागतात. ते काम 'इको मोड' करतो. नाव ४५ वॅटचा, खातो साठाच्या आसपास. तो लावल्याबरोबर पारा सत्तरीत आला. वेग थोडा घटला, पण तो चाचणीच्या आकड्यातच दिसतो, रोजच्या कामात नाही.

उतरवलेल्या व्होल्टेजवर मशीन टिकतं का ते पाहायला रात्री प्राइम९५ लावून झोपलो. मुळात हा मर्सेन प्रकारच्या अविभाज्य संख्या शोधणारा प्रोग्राम. त्याच्या मेनूत 'टॉर्चर टेस्ट' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. बायकोने ते वाचलं आणि "कोणाची?" एवढंच विचारलं.

रात्रभर मशीन ढिम्म हललं नाही. सकाळी मी विजयी मुद्रेने गॅस सिलिंडरचं बुकिंग करायला बसलो आणि ओटीपी टाकता टाकता स्क्रीन काळा. विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१', म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. हे मलाही दिसलं होतं. पण त्याच्या आसपास दुसरी एक नोंद होती, तिने गुन्हेगार कोअरचा नंबर दिला. गंमत अशी की सगळे कोअर राबत असताना वेग कमी असतो, म्हणून उतरवलेलं व्होल्टेज पुरतं. काम हलकं असलं की एखादाच कोअर पार वरचा वेग गाठतो आणि तिथे त्याला ते मिलिव्होल्ट कमी पडतात. म्हणून हे मशीन कष्टात टिकतं आणि फुरसतीत कोसळतं. त्यातही सगळ्यात वेगवान कोअरच सगळ्यात नाजूक निघाला. मग एकेका कोअरला वेगळं बसवून तपासणं आलं. कोणी वजा २० वर राजी, कोणी वजा १५ वर, हे महाशय वजा ५ च्या खाली उतरायलाच तयार नाहीत.

पंख्यालाही शिस्त लावली. ६० अंशांपर्यंत एकच संथ वेग आणि त्यापुढेही काही सेकंद थांबूनच हालचाल. घुर्र बंद. आणि मग ऐकू आली मदरबोर्डवरच्या कॉइलची किरकिर. माउसचं चाक फिरवलं की बारीक किर्र. बायकोला येत नाही, पोराला येते. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मी रात्री कानातलं मशीन काढून ठेवतो ना!" ज्यांच्या झोपेसाठी हा उद्योग मांडला, त्यांना हिवाळाभर काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

एप्रिल लागला. खोलीचा एक अंश वाढला की प्रोसेसरचाही जवळपास एक वाढतो, आणि नागपूरचा उन्हाळा एका अंशावर समाधान मानणारा नाही. पारा पुन्हा पंच्याऐंशीकडे. तेवढ्यात माळ्यावरून कूलर उतरला, नवीन ताट्या लागल्या, खिडकीत बसला आणि सुरू झाला. प्रोसेसर झटक्यात आठ अंश उतरला. हॉलमध्ये मात्र कॉम्प्युटर सोडा, कुकरची शिट्टीही ऐकू येईना.

बायको ओरडून म्हणाली, "अहो, याचंही व्होल्टेज उतरवा ना!"

मी बाबांचाच धडा बाबांसमोर म्हणून दाखवला, "मोटर आहे ती, जळेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे ऐकलं होतं. "पंख्याची मोटर हाये, पंपाची नाही. जा, रेग्युलेटर घेऊन ये."