सरकारला टाळं, खासदारांना पगार

सांगलीच्या मामांचा फोन रविवारी सकाळी येतो, म्हणजे आमच्या शनिवारी रात्री. २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "काय रे, तुमचं सरकार बंद पडलंय म्हणे? आमची एसटी बंद पडते तसं?" आणि खो खो हसले.

मी राहतो व्हर्जिनियात, वॉशिंग्टनला खेटून. इथे दर दोन-तीन घरांमागे एक सरकारी नोकर. संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही की इथे सरकारी कामं थांबतात, त्याला 'शटडाऊन' म्हणतात. १ ऑक्टोबरला सुरू झालेलं ४३ दिवस चाललं. आमचा शेजारी विमानतळावर सामान तपासतो. त्याचं काम 'अत्यावश्यक', म्हणून रोज हजेरी, पगार शून्य. २०१९ च्या कायद्यामुळे त्याला थकबाकी नंतर मिळाली. त्याची बायको सरकारी इमारतीतल्या कॅन्टीनमध्ये, कंत्राटदाराकडे. तिचे ते दिवस गेले ते गेलेच. नोव्हेंबर उजाडला तेव्हा सुमारे ४ कोटी २० लाख गरिबांची अन्नमदत अडकली होती.

आपल्या पोरांनाही झळ बसली. व्हिसाचं खातं अर्जदारांच्या फीवर चालतं, ते उघडं होतं. पण एच-वन-बी, म्हणजे इथे नोकरी करायच्या व्हिसाच्या अर्जाआधी श्रम खात्याचा कागद लागतो, आणि ते खातं बंद. ओळखीतल्या एका मुलाची नवी नोकरी जवळपास महिनाभर नुसती लटकली.

दोष कुणाचा? अध्यक्ष आणि दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे, तेव्हा डेमोक्रॅट म्हणणार, चालवा की. पण सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, खर्चाचा ठराव पुढे न्यायला ६० मतं लागतात आणि रिपब्लिकन होते ५३. डेमोक्रॅटांना आरोग्यविम्याच्या अनुदानाची मुदतवाढ हवी होती, ती मिळाल्याशिवाय ते मत देईनात. गृहनिर्माण खात्याने तर आपल्या सरकारी वेबसाइटवरच विरोधकांच्या नावाने लाल पट्टी झळकवली. २०१८ च्या डिसेंबरात, आधीच्या एका शटडाऊनच्या तोंडावर, निदान ट्रम्प यांनी कॅमेऱ्यासमोर जबाबदारी आपली म्हणून सांगितलं होतं. पुढे ते प्रकरण ३५ दिवस चाललं. या सगळ्यात खासदारांचा पगार मात्र चालू. तो राज्यघटनेनेच बांधून दिलाय.

"आमच्याकडे असलं होत नाही," मामा म्हणाले. खरंच होत नाही. आपल्याकडे बजेट वेळेत झालं नाही तर लेखानुदानावर, म्हणजे काही काळाच्या खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीवर, गाडी चालते, आणि लोकसभेने पैसेच नाकारले तर सरकार पडतं. खुर्ची जाते म्हटल्यावर मतं बरोबर जमतात. इथे खुर्ची कुणाचीच हलत नाही, म्हणून भांडण लांबवायला दोघांनाही परवडतं. हा एक नियम मी भारतातून इकडे आनंदाने आणला असता.

पण मामांच्या हसण्यात मला पूर्ण सामील होता आलं नाही. १४ मार्च २०१८ ला लोकसभेने अख्खा अर्थसंकल्प गदारोळात, चर्चेविना मंजूर केला. त्याला तिथे 'गिलोटिन' म्हणतात. इथे पैसे अडवून धरले तरी कशासाठी अडवले ते विम्याचा हप्ता भरणाऱ्या माणसाला कळतं. आपले पैसे कुठे गेले ते मामांना कुणी सांगितलं?

हे मी मामांना म्हटलं. ते थोडे थांबले. "अरे, चर्चा करून तरी काय करणार होते? माझी पेन्शन १ तारखेला येते. तुझ्या शेजाऱ्याला विचार."

शेजाऱ्याला विचारायची गरज नव्हती. त्या आठवड्यात त्याने घराच्या हप्त्यासाठी भावाकडून उसने घेतले होते.