डिफेंडर बंद करणं हा उपाय नव्हे

विंडोजमधला डिफेंडर, म्हणजे त्यातच येणारा अँटीव्हायरस, आपली माहिती मायक्रोसॉफ्टकडे पाठवतो म्हणून तो बंदच करा, वापरणारा सावध असला की पुरे, हे एका लेखातलं मत मला पटलं नाही. शंका रास्त आहे. संशयास्पद फाइलचा नमुना आपोआप पाठवण्याची सोय आधीपासून चालूच असते. पण तेवढीच बंद करता येते, त्यासाठी दाराचं कुलूपच काढून टाकायला नको.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम पसरला तेव्हा कुणी भलत्या लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. तो नेटवर्कमधून थेट जुन्या, अपडेट न केलेल्या संगणकांत शिरत होता. त्याला अडवणारा पॅच, म्हणजे विंडोजमधली ती फट बुजवणारी दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता. तिथे नुसता सावधपणा काय करणार?

माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्कच्या एन्क्रिप्शनची, म्हणजे तिच्यावरची माहिती सांकेतिक करून लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की बरेचदा त्याच खात्यात जाऊन बसते आणि आपल्या लक्षातही येत नाही. किल्ली आणखी कुणाकडे ठेवायची, हे मला आधी ठळकपणे विचारायला हवं!

बाकी रोजच्या कामाला अ‍ॅडमिन नसलेलं, म्हणजे संगणकात मोठे बदल करण्याचे अधिकार नसलेलं, खातं वापरा, हे मी भेटेल त्याला सांगतो. त्यात खासगीपणाही जात नाही आणि पैसेही.