पोट्सडॅमची उंच पलटण : फिरणाऱ्या मजकुरात काय चुकलंय

प्रशियाचा (आजच्या जर्मनीच्या भागातलं तेव्हाचं राज्य) राजा फ्रेडरिक विल्यम पहिला याच्याबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय, या विक्षिप्त राजाने सात फुटांवरच्या माणसांची अजिंक्य पलटण उभारून युरोप हादरवला, उंच बायकांशी त्यांची लग्नं लावून नवा वंश घडवला, या नादात खजिना रिकामा केला, आणि शिपायांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम केलं. पलटण खरी आहे. बाकी बहुतेक चूक आहे, आणि शेवटचा दावा तर मला संतापजनक वाटतो.

आधी उंची. भरतीची अट साधारण १८८ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट दोन इंच होती. त्या काळच्या युरोपात हीसुद्धा दुर्मीळच उंची. सात फूट ओलांडणारे अगदी मोजके. आयर्लंडचा जेम्स कर्कलंड त्यातला सर्वांत प्रसिद्ध.

अजिंक्य कशी म्हणायची? राजाच्या हयातीत या पलटणीने एकही मोठी लढाई गाजवली नाही. तिचं काम बर्लिनजवळच्या पोट्सडॅमच्या मैदानावर कवायत करण्याचं. मुळात हा राजा युद्ध टाळणारा होता. स्वीडनविरुद्धची मोहीम आणि १७१५ चा श्ट्रालझुंडचा वेढा सोडला, तर त्याच्या नावावर फारसं काही नाही. त्याचं खरं काम वेगळंच आहे, आणि मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. त्याने सुमारे ३८ हजारांचं सैन्य ८० हजारांवर नेलं आणि १७३३ मध्ये प्रत्येक रेजिमेंटला भरतीसाठी ठरावीक इलाखा नेमून दिला. डिसेंबर १७४० मध्ये त्याचा मुलगा फ्रेडरिक दुसरा ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सायलेशिया प्रांतात घुसला तो या सैन्याच्या बळावर, उंच पलटणीच्या नव्हे.

खजिन्याची गोष्ट तर नेमकी उलटी आहे. गादीवर येताच राजाने दरबाराचा खर्च निर्दयपणे छाटला आणि मरताना ८० लाखांहून अधिक थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) मागे ठेवले. उंच माणसांवर मात्र तो पाण्यासारखा पैसा ओतत असे. एकट्या कर्कलंडसाठी बाराशे पौंडांहून जास्त खर्च झाला. त्यासाठी वेगळा भरती-निधी होता. सरकारी पद हवं असणाऱ्याने त्यात रक्कम भरायची. म्हणजे भुर्दंड राज्याने सोसलाच, फक्त आडमार्गाने.

वंशाची कथा जुनी आहे. अशा लग्नांचा ओझरता उल्लेख डार्विननेही १८७१ मध्ये केला आहे. पण राजाची कारकीर्द १७१३ ते १७४० इतकीच. सत्तावीस वर्षांत वंश घडत नसतो.

आता प्रेम. राजाला ही माणसं आवडत होती, यात वाद नाही. संधिवाताने अंथरुणाला खिळला की तो त्यांची चित्रं रंगवत बसे, आणि पलटणीतल्या काहींना पगारही घसघशीत होता. पण ती आली कशी, ते पाहा. कर्कलंडला लंडनमधल्या प्रशियन राजदूतामार्फत नोकर म्हणून ठेवल्याचं भासवून फसवून आणलं. रशियाचा सम्राट पीटर याला राजाने १७१६ मध्ये अंबरने (पिवळसर राळेच्या दगडाने) मढवलेलं दालन भेट दिलं. उलट भेट म्हणून ५५ उंच ग्रेनेडियर (निवडक पायदळ शिपाई) आले. ती माणसं होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेजारच्या राज्यांतून प्रशियाचे भरती अधिकारी माणसं सरळ पळवत. १७२९ मध्ये हानोव्हर या शेजारच्या जर्मन राज्याशी युद्ध पेटायची वेळ आली, त्यामागे हाच उपद्व्याप होता.

इतकं प्रेम असेल तर शिपाई पळत का होते? एकदा पोट्सडॅमला आग लावून निसटण्याचा कटही उघडकीला आला. पळताना सापडलेल्याला सोबत्यांच्या दोन रांगांमधून उघड्या पाठीने चालवायचे, आणि दोन्ही बाजूंनी छड्या बसायच्या. हे अपहरण आणि वेठबिगारीच आहे. ‘राजाचा गमतीदार छंद’ म्हणून त्यावर हसण्याच्या इमोजी टाकताना निदान एवढं माहीत असावं.

राजा ३१ मे १७४० रोजी वारला. तेव्हा पलटणीत तीन हजारांच्या आसपास माणसं होती. मुलाने त्याच वर्षी ती मोडली, एक बटालियन तेवढी आठवण म्हणून ठेवली आणि वाचलेला पैसा साध्या उंचीच्या शिपायांच्या नव्या पलटणींकडे वळवला.