ताईला 'गुण' आला होता तेव्हा

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज. 'बायपोलरला जन्मभर गोळ्या कशाला? केमिकल सोडा, निसर्गाकडे वळा.' खाली जोडलेल्या हातांची रांग. चहा घशाखाली उतरेना, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या ताईला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अतिउत्साहाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला जाण्याचा आजार. तिला विचारूनच लिहितेय. काही वर्षांपूर्वी एका हितचिंतक काकांनी तिला झाडपाल्याची पावडर दिली आणि मन स्थिर ठेवणारी लिथियमची गोळी बंद करायला लावली. सुरुवातीला ताई इतकी छान झाली की विचारू नका. पहाटे उठून कामाला, चेहऱ्यावर तेज, बोलण्यात नुसता उत्साह. सगळे म्हणाले, बघा, गुण आला!

तो गुण नव्हता हो, मेनिया, म्हणजे आजारातलं अतिउत्साहाचं टोक, चढत होता. बायपोलर असलेलं माणूस दोन-तीन तास झोपून ताजंतवानं उठायला लागलं की घरच्यांच्या पोटात गोळा यायला हवा. आमच्याकडे कौतुक चाललं होतं. मग मध्यरात्रीचे फोन, भलतेसलते खर्च, भांडणं आणि शेवटी ॲडमिट. काका दवाखान्यात फिरकलेसुद्धा नाहीत.

आणि केमिकल म्हणे! लिथियम खडकात आणि खाऱ्या पाण्यात सापडतं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्ये मेनियावरचा त्याचा उपयोग जगासमोर मांडला, तेही साध्या क्षाराच्या रूपात. आणखी किती नैसर्गिक हवंय?

त्याचे त्रास आहेत, मान्य. हात थरथरतात, तहान लागते, थायरॉइड आणि किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून तर रक्त तपासतात. रक्तातली लिथियमची पातळी साधारण ०.६ ते १ मिलिमोल प्रति लिटरच्या मध्ये हवी, दीडच्या वर गेली की विषबाधेची भीती. आता त्या मेसेजमधला 'शरीरशुद्धी'चा सल्ला बघा: कडक उपास, मीठ बंद, भरपूर घाम. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि पातळी चढते. हे कोण सांगणार त्या हात जोडणाऱ्यांना? नैराश्यासाठी मिळणारं सेंट जॉन्स वर्ट तर काहींना थेट मेनियात ढकलतं. वनस्पती आहे म्हणून ती गरीब गाय नव्हे.

ओमेगा-३ चा नैराश्याच्या टप्प्यात थोडाफार उपयोग होत असेल. असू दे. घ्या, पण डॉक्टरांना सांगून आणि गोळ्यांच्या जोडीने.

ताईला गोळ्यांच्या जोडीने खरा आधार कशाचा झाला, तर कंटाळवाण्या गोष्टींचा. झोपायची-उठायची वेळ ठरलेली, सुट्टीच्या दिवशीही. जेवणं वेळेवर. रात्री दिवे मंद, फोन खोलीबाहेर. झोप किती आणि मन कसं याची वहीत रोज एक ओळ. दिवसाची लय सांभाळण्यावर अमेरिकेत पिट्सबर्गच्या मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांनी अख्खी उपचारपद्धती बांधली आहे. नॉर्वेत मेनियाच्या रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत संध्याकाळपासून निळा प्रकाश अडवणारे चष्मे दिले, तर लक्षणं लवकर उतरली. पण 'रोज दहाला दिवा बंद करा' हे फॉरवर्ड करायला मजा येत नाही ना.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ताईने ती पावडर का घेतली असेल, हेही समजतं. रोज गोळी हातात घेताना आपण आजारी आहोत याची आठवण होते. डॉक्टरांकडे मिनिटं मोजून मिळतात. काका मात्र तासभर बसले होते, तिचं सगळं ऐकून घेतलं होतं. तेवढा वेळ आमच्यापैकीही कुणी दिला नव्हता. तो तास काकांनी जरूर द्यावा, पावडर घरी ठेवून.

आता कमेंटमध्ये 'आमच्या ओळखीत एकाला गुण आला' असं लिहिणार असाल, तर तो माणूस सध्या रात्री किती तास झोपतो तेही लिहा.